मोटारीची काच आणि पॉलिकार्बोनेट : एक अनुभव, एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या काचेवर लेख लिहावा, हे वाचून काही मित्रांना हसू येईल. वार्षिक अंकासाठी मी एखादी कविता किंवा प्रवासवर्णन द्यावे, असे आमच्या संपादक-मंडळाचेही मत होते. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी जे घडले, त्यातून मी जेवढे शिकलो तेवढे एखाद्या संपूर्ण पेपरातूनही शिकलो नाही. म्हणून हा विषय गुरुजनांच्या आणि विद्यार्थिमित्रांच्या समोर ठेवण्याचे धाडस करीत आहे. भौतिकशास्त्राचे हिशेब समजावून घेण्यासाठी मी ज्युनिअर कॉलेजच्या एका सरांना पुष्कळ त्रास दिला, हे आरंभीच कबूल करतो.

माझ्या मामांकडे एक जुनी पद्मिनी गाडी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी एके काळी मुंबईची टॅक्सी म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही निवृत्त झाली. मामांनी मात्र आपली गाडी जिवापाड जपली आहे. मोहोपाड्याहून पनवेलला, खोपोलीला, क्वचित कर्जतला त्यांच्या फेऱ्या चालू असतात.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात खडी भरलेल्या एका डंपरमधून दगड उडाला आणि मागच्या डाव्या दाराची काच एका क्षणात साखरेच्या खड्यांसारखी विखुरली. सुदैवाने मागे कोणी बसलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते सगळे खडे मी झाडून गोळा केले आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. वजन भरले २ किलो ८०० ग्रॅम! दाराची एक काच एवढी जड असते, याची मला कल्पनाच नव्हती.

नवी काच शोधायला लागलो तेव्हा खरी अडचण कळली. ज्या गाडीचे उत्पादन बंद होऊन पाव शतक लोटले, तिच्या दाराची काच हवी तेव्हा मिळत नाही. दोन-तीन आठवडे पुठ्ठा लावून काढले. अखेर गॅरेजच्या मेस्त्रींनी तोडगा सुचविला, "फायबर बसवून टाकू. फुटणार नाही, वजनाला निम्मी, आणि उद्या तयार." मेस्त्री ज्याला फायबर म्हणत होते ते होते पॉलिकार्बोनेट. पडवीवर किंवा गोठ्यावर उजेडासाठी जे पारदर्शक पत्रे घालतात त्याच जातीचा, पण सपाट आणि भरीव तक्ता. जुन्या काचेचा कागदी नमुना कापून मेस्त्रींनी चार मिलिमीटरचा तक्ता करवतीने कापला, कडा घासल्या, बसवला. मी वर हातोडीने दोन ठोके मारून पाहिले. तक्ता जरासा लवला आणि पूर्ववत झाला. आम्ही सर्वजण इतके खूष झालो की दिवाळीत चालकाच्या बाजूची जुनी, कडेला टवका गेलेली काचही काढून तिथे फायबर बसविले. उरलेल्याही बदलायच्या, असा बेत ठरला. तो बेत पुढे का बारगळला, हाच या लेखाचा विषय.

प्रथम या पदार्थाची थोडी ओळख. पॉलिकार्बोनेट हे एक प्लास्टिक आहे. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स या दोघांनी एकमेकांना न कळता, जवळपास एकाच वेळी ते तयार केले. मॅक्रोलॉन आणि लेक्झान ही त्याची बाजारातील नावे त्या दोन घराण्यांतली. त्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे बिस्फिनॉल-ए, आणि हे बिस्फिनॉल बनते फिनॉल व अ‍ॅसिटोन यांपासून. ही नावे आपल्या परिसराला अगदीच परकी नाहीत. ज्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्समुळे रसायनीची भरभराट झाली, त्याच कंपनीचा केरळातील अंबलमुगलचा कारखाना फिनॉल व अ‍ॅसिटोन बनवू लागला. आपल्याकडच्या कारखान्यात नायट्रोबेंझीन, अ‍ॅनिलीन अशी रसायने होत. २०१७ साली तो बंद करण्याचा निर्णय झाला, आणि तिथल्या भोंग्यावर घड्याळे लावणाऱ्या पिढीला किती वाईट वाटले हे मोहोपाड्यात सांगायला नको.

आता वजनाचा हिशेब पाहू, कारण सारा मोह वजनाचाच आहे. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट आणि पॉलिकार्बोनेटची १.२ पट. म्हणजे तेवढ्याच जाडीचा तक्ता निम्म्याहूनही हलका. मी टेप घेऊन मामांच्या गाडीच्या खिडक्या मोजल्या. चारही दारे आणि मागची काच मिळून क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर भरले. चार मिलिमीटर जाडी धरली तर काचेचे वजन होते १६ किलो, पॉलिकार्बोनेटचे सुमारे ७.७ किलो. बचत सव्वाआठ किलो. ऐकायला बरे वाटते. पण गाडीचे स्वतःचे वजन जवळजवळ ९०० किलो. म्हणजे बचत एक टक्काही नाही! गाडीचे वजन दहा टक्क्यांनी घटले तर इंधन सहा-सात टक्क्यांनी वाचते, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. त्या मापाने आमचे पेट्रोल वाचणार अर्धा-पाऊण टक्का. मामांची गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर धावते आणि लिटरला बारा किलोमीटर देते, तेव्हा वर्षाचे पेट्रोल पाचशे लिटर आणि बचत तीन लिटर! डिकीतला जुना जॅक, दोन रिकामे डबे आणि मामींची नारळाची पिशवी उतरवली असती तरी तेवढीच बचत झाली असती.

मग शर्यतीच्या गाड्यांना अशा खिडक्या का बसवितात? तिथे एकेका किलोसाठी झगडा असतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. शिवाय खिडक्या गाडीच्या वरच्या भागात असतात. तिथले वजन कमी झाले की गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती अधिक स्थिर राहते. १९८७ साली फेरारीने आपली एफ-४० ही गाडी काढली तेव्हा तिच्या दारांना सरकत्या प्लास्टिकच्या खिडक्या दिल्या होत्या. पण शर्यतीतला चालक शिरस्त्राण घालून, पट्ट्यांनी जखडून, पोलादी पिंजऱ्यात बसतो. त्याच्या शेजारी मामी आणि मागे भाचरे बसलेली नसतात. तिथला गुण इथे तसाच गुण ठरेल असे नाही.

वजनातही एक मोठी गंमत आहे. सरांनी ती मला फूटपट्टीने समजावली. लाकडी पट्टी आणि तेवढ्याच जाडीची प्लास्टिकची पट्टी दोन बोटांनी वाकवा, प्लास्टिकची किती सहज वाकते पाहा. काच पॉलिकार्बोनेटपेक्षा सुमारे तीसपट ताठ असते. तक्त्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणून सपाट पॉलिकार्बोनेटला काचेइतके ताठ करायचे तर त्याची जाडी तिपटीहून थोडी अधिक घ्यावी लागेल. म्हणजे चार मिलिमीटरच्या जागी साडेबारा मिलिमीटर. आणि मग त्याचे वजन काचेच्या दीडपट होईल! हलकेपणा आपण घेतो तो ताठपणा सोडून देऊन. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांत मागच्या मोठ्या खिडकीवर धातूच्या पट्ट्या आवळलेल्या दिसतात. वेगात बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि लवचीक खिडकी बाहेर ओढली जाते. द्रुतगती महामार्गावर मामांनी एकदा ऐंशीचा वेग गाठला तेव्हा आमची फायबरची खिडकी पापडासारखी थरथरत होती, त्याचे कारण मला हे शिकल्यावर उमगले.

दुसरी गोष्ट उन्हाची. पॉलिकार्बोनेट तापले की काचेच्या सातपटीहून अधिक प्रसरण पावते. सत्तर सेंटिमीटर रुंदीची खिडकी पहाटेपासून दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापली, तर काच पाव मिलिमीटर वाढते आणि पॉलिकार्बोनेट दोन मिलिमीटर. बंद गाडी उन्हात उभी असताना असे तापमान काही अवघड नाही. मेस्त्रींनी तक्ता काचेच्या मापाने घट्ट कापला होता. परिणामी मे महिन्यात दुपारी खिडकी खाली सरकेना, आणि पावसाळ्यात कडेने पाणी झिरपू लागले. दोष मेस्त्रींच्या हाताचा नव्हता. त्यांनी काचेची विद्या प्लास्टिकला लावली, एवढेच.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कठीणपणा. इथे 'मजबूत' आणि 'कठीण' या दोन शब्दांत आपण नेहमी गल्लत करतो. पॉलिकार्बोनेट मजबूत आहे, म्हणजे घाव सोसते. काच कठीण आहे, म्हणजे ओरखडा सोसते. माझी आजी सांगते की तिच्या लहानपणी कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसावी लागे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत होता, आणि त्याची काच वर्षानुवर्षे राखेने घासूनही उजेड तसाच स्वच्छ देत असे. पॉलिकार्बोनेटला असे चार दिवस पुसले तर ते दुधी होईल. आमच्या रस्त्यावर खडीची धूळ आणि चिखल दोन्ही भरपूर. मामा सवयीने कोरड्या फडक्याने खिडकी पुसत. शिवाय दारातल्या खाचेच्या रबरात धूळ साचते, आणि खिडकी वर-खाली करताना प्रत्येक वेळी तिच्यावर उभ्या रेघा उठतात. एकदा डांबराचे डाग काढण्यासाठी कोणीतरी पेट्रोलचा बोळा फिरवला, तेव्हा एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या. पेट्रोल, अ‍ॅसिटोन, अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण, हे सर्व या प्लास्टिकचे वैरी. आणि ऊन तर आहेच. सूर्याच्या अतिनील किरणांनी ते हळूहळू पिवळे पडते.

हे पटत नसेल तर कुठल्याही आठ-दहा वर्षांच्या गाडीचे पुढचे दिवे पाहा. आजकालच्या दिव्यांचे आवरण काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे असते. नवे असताना ते स्फटिकासारखे असते, पुढे त्यात मोतीबिंदू वाढल्यासारखी पिवळी झाक येते. कारखान्यात त्यावर टणक लेप दिलेला असतो, तरी ही अवस्था. आमच्या तक्त्यावर तर असा कोणताच लेप नव्हता.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिला तो सांगतो. मागच्या आषाढात एका संध्याकाळी मामा आणि मी पनवेलला निघालो होतो. पाऊस असल्यामुळे खिडक्या बंद. मोहोपाड्याहून जाणारा रस्ता दांड फाट्याला जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला मिळतो. तिथे डावीकडे वळताना उजव्या बाजूने येणारी वाहने पाहावी लागतात, म्हणजे चालकाच्या बाजूच्या खिडकीतून. खोपोलीकडून एक ट्रक येत होता, अजून बराच दूर. त्याचे दिवे खिडकीवर पडले आणि आठ महिन्यांचा प्रत्येक ओरखडा पेटून उठला. अख्खी खिडकी पांढरी झाली. ट्रकच्या पुढे मंद दिव्याची एक मोटारसायकल होती, ती आम्हा दोघांनाही दिसली नाही. मामांनी गाडी पुढे घेतली, कर्कश हॉर्न वाजला, मामांनी ब्रेक दाबला. मोटारसायकलवाला आम्हाला चुकवून कडेच्या चिखलात आडवा झाला. पाळी संपवून घरी निघालेला कामगार होता. तळहात सोलवटले, गुडघा खरचटला, यापलीकडे काही झाले नाही. ट्रकवाल्याने वेळीच वेग आवरला म्हणून. आम्ही त्याला उचलले, डॉक्टरांकडे नेले. बिचारा मामांना म्हणाला, "काका, तुम्ही माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं, तुम्ही थांबणार."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आम्ही त्याच्याकडेच पाहत होतो, आणि तो आम्हाला दिसत नव्हता.

घरी परतेपर्यंत मामा एक शब्दही बोलले नाहीत. सकाळी मात्र म्हणाले, "अरे, खिडकी फुटू नये म्हणून बसवली, पण बघण्यासाठी असते हेच विसरलो." त्यानंतर मी या विषयाचा नाद घेतला.

वाचता वाचता कायद्याकडेही वळलो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०० वा नियम सांगतो की वाहनाच्या काचा सुरक्षा-काचेच्या असाव्यात, म्हणजे फुटल्या तरी गंभीर जखम करणारे तुकडे उडू नयेत अशा. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. तीनचाकी आणि कापडी टपाच्या वाहनांना प्लास्टिकच्या पारदर्शक पडद्याची सवलत आहे. आपल्या मिनिडोरला पावसाळ्यात जे पडदे सोडतात ते या सवलतीतले. १ एप्रिल २०२१ पासून नियमात सुरक्षा-काचेच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हे शब्दही आले. तरीही त्यासाठी भारतीय मानकाची कसोटी उतरावीच लागते. पत्र्याच्या दुकानातून आणलेला, कोणतीही खूण नसलेला तक्ता या व्याख्येत बसत नाही. आम्ही वर्षभर नियमाबाहेरची गाडी चालवत होतो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता!

नियमात 'फुटल्यावर' हा शब्द का आहे, याचा विचार करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. गाडीची बाजूची काच ही मुद्दाम नीट फुटावी अशी बनविलेली असते. तापवून एकदम थंड केल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण कोंडलेला असतो. म्हणून ती एरवी बळकट, पण टोकदार हातोडीचा एक घाव कोपऱ्यात बसला की सगळीच्या सगळी बोथट खड्यांत उधळते. पुढची काच वेगळी. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, त्यामुळे ती तडकते पण जागेवर राहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत पाण्यात अडकलेल्या मोटारींतून बाहेर न पडता आल्यामुळे काही जण आतच गुदमरून गेले. तेव्हापासून गाडीत काच फोडण्याची हातोडी ठेवा असे सांगितले जाते. पाताळगंगेला पूर येतो तेव्हा तिच्या काठचे रस्ते कसे दिसतात हे आपण पाहतो. अशा वेळी काच फोडून बाहेर येता येते. आमच्या फायबरच्या खिडकीवर ती हातोडी उड्या मारीत राहिली असती. जी गोष्ट मी पहिल्या दिवशी हातोडीचे ठोके मारून अभिमानाने तपासली होती, तीच गोष्ट आमचा घात करू शकली असती.

मग पॉलिकार्बोनेट टाकाऊच काय? तसे मुळीच नाही. पोलिसांच्या पारदर्शक ढाली त्याच्याच असतात. तिथे दगड झेलणे हेच मुख्य काम. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २००७ पासून ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांच्या रुंद खिडक्यांना पॉलिकार्बोनेटची तावदाने दिली गेली. कर्जत-खोपोलीच्या मार्गावर रोज जाणाऱ्याला हे पटेल. धावत्या लोकलवर दगड आला तर डोळ्यात काचेचा तुकडा जाण्यापेक्षा तावदानावर ओरखडा पडलेला परवडला. शिवाय त्या तावदानातून प्रवासी फक्त बाहेरची शेते पाहतो, मोटरमनची पुढची काच वेगळी असते. आणि बाहेर पडायला दारे आहेतच. मोटारीतही, ज्या खिडकीतून रस्ता पाहायचा नाही, जी वर-खाली सरकत नाही, अशा मागच्या छोट्या बंद खिडकीला कारखान्यातच टणक लेप देऊन बसविलेले, मानकाला उतरलेले पॉलिकार्बोनेट चालू शकते. पदार्थ वाईट नाही. आम्ही त्याला चुकीच्या जागी बसविले.

शेवटी मामांनी काय केले? तळोज्याला फ्लोट काचेचा मोठा कारखाना उभा राहिला हे आपण जाणतोच. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून पसरतात, म्हणून ती आरशासारखी सपाट होते. अशा काचेपासून मापाप्रमाणे कापून, कडा घासून आणि मग तापवून सुरक्षा-काच तयार करून देणारा एक व्यावसायिक पनवेलकडे मिळाला. काच आधी कापावी लागते, तापवल्यानंतर कापता येत नाही, हेही तेव्हाच कळले. जुन्या खिडकीचा कागदी नमुना मीच काढून दिला. पंधरा दिवसांनी दोन काचा आल्या. किंमत फायबरच्या जवळजवळ चौपट पडली आणि गाडीचे वजन तीन किलोंनी वाढले. मामांनी तक्रार केली नाही. काढलेले दोन्ही तक्ते मेस्त्रींनी नेले आणि गॅरेजच्या छपरात उजेडासाठी बसविले. तिथे ते उत्तम काम करीत आहेत.

एखादी वस्तू बदलताना नवी वस्तू किती हलकी, किती स्वस्त, किती मजबूत, हे आपण लगेच विचारतो. जुनी वस्तू कोणकोणती कामे मुकाट्याने करीत होती, हे विचारीत नाही. गाडीची काच वारा-पाऊस अडवीत होती, तो भाग पॉलिकार्बोनेटनेही सांभाळला. पण ती रस्ता दाखवीत होती आणि वेळ आल्यास फुटून वाट देणार होती, ही दोन कामे आमच्या यादीतच नव्हती. ती यादी आम्हाला दांड फाट्यावर, एका अनोळखी कामगाराच्या सोललेल्या तळहातांनी पूर्ण करून दिली. त्याचा हात आता बरा आहे. परवाच रसायनी स्टेशनच्या रस्त्यावर भेटला. मामांनी गाडी थांबविली, खिडकीची काच खाली केली आणि त्याला चहाला बोलावले.